वेग नाही, ड्रिबलिंग नाही, तरी जिरू टॉपला टिकला कसा?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारा पोरगा १९ वर्षांचा आहे, उंच आहे, स्ट्रायकर खेळतो आणि कोच त्याला सारखे म्हणतात की तू स्लो आहेस, सेंटर बॅक, म्हणजे मधला डिफेंडर, खेळ. त्याचं म्हणणं असं की फ्रान्सचा स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरू, त्यालाही लोक आयुष्यभर ॲव्हरेजच म्हणत राहिले, मग आर्सेनल, चेल्सी, मिलान असले क्लब त्याला मिळत कसे गेले, आणि आपण त्यातून नेमकं काय उचलायचं.

भावा, मी बरीच वर्षं पोरांना शिकवतोय, त्यातही जास्त करून फॉरवर्डना, आणि जिरू हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी सरळ उत्तर देतो. जिरू टिकला कारण त्याच्याकडे जे होतं ते तिशीनंतर कमी होत नाही, आणि तो मैदानात असला की आजूबाजूच्या तिघा-चौघांचा खेळ सुधारतो. क्लबांनी त्याच्या जागी माणसं आणली, एकदा नाही, जवळजवळ दर वर्षी आणली, आणि तरी तो खेळत राहिला. हे समजलं की त्याचं करिअर समजतं. आता सविस्तर.

जन्म १९८६ चा, शाँबेरीचा, वाढला ग्रेनोबलजवळच्या फ्रोज नावाच्या गावात. तेराव्या वर्षी ग्रेनोबल क्लबात आला. म्हणजे फ्रान्सच्या कुठल्या मोठ्या अकादमीतून आलेला पोरगा नाही हा. एम्बापे १९ व्या वर्षी वर्ल्ड कप जिंकून बसला होता, त्याच वयात जिरू सेकंड डिव्हिजनमध्ये ग्रेनोबलच्या बेंचवरून मैदानात यायची वाट बघत होता. २००७ मध्ये क्लबाने त्याला इस्त्रला लोनवर, म्हणजे उसना, पाठवलं, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिथे त्याने १४ गोल मारले. परत आला तर ग्रेनोबल टॉप डिव्हिजनला पोचली होती आणि कोचने त्याला सांगितलं की त्या लेव्हलचा तू नाहीस. हे त्याने स्वतः नंतर कितीतरी वेळा सांगितलंय. वय तेव्हा २१.

इथे जरा थांबतो, कारण तुझा प्रश्न खरा इथेच आहे. २१ व्या वर्षी कोच असं म्हणाला की आपल्याकडे पोरगं एकतर खेळ सोडतं नाहीतर घरचे सोडायला लावतात. जिरूने केलं काय तर तो तूर नावाच्या क्लबात गेला, जो तेव्हा नुकताच सेकंड डिव्हिजनला चढला होता. खाली गेला, पण जिथे दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळतील अशा ठिकाणी गेला. (कोसिएल्नी हा डिफेंडर तेव्हा तिथेच होता, पुढे दोघं आर्सेनलला परत एकत्र आले.) स्ट्रायकरसाठी १९ ते २३ या वयात क्लबाच्या नावापेक्षा मिनिटं महत्त्वाची असतात हे मी पोरांना सांगून थकलो. मोठ्या नावाच्या क्लबाचं जर्सी घालून बेंचवर बसलेला फॉरवर्ड दोन वर्षांत टायमिंग विसरतो. डिफेंडर प्रॅक्टिसवर बराचसा टिकून राहतो, फॉरवर्डचं तसं नसतं, त्याला खऱ्या मॅचमधला, खरोखर लाथा घालणारा सेंटर बॅक लागतो.

तूरला दुसऱ्या सीझनला, म्हणजे २००९-१० ला, २१ गोल, लीगचा टॉप स्कोरर, लीगचा बेस्ट प्लेअर. त्याच सीझनच्या मधे जानेवारीत माँपेलिएने त्याला विकत घेतला आणि सीझन संपेपर्यंत तूरलाच लोनवर ठेवला. ही पद्धत युरोपात सर्रास चालते, छोट्या क्लबाला पैसे आत्ता मिळतात, मोठ्या क्लबाला किंमत वाढायच्या आत माणूस मिळतो आणि पोराची मिनिटं बुडत नाहीत.

मग माँपेलिए. २०११-१२ चा तो सीझन ज्याने बघितला त्याला सांगायला नको. पीएसजी नुकतीच कतारच्या पैशात न्हाऊन निघाली होती, पास्तोरेवर चाळीसेक मिलियन युरो टाकले होते, आणि इकडे लुई निकोलँ नावाच्या तोंडाने फटकळ मालकाचा माँपेलिए, ज्याने कधी लीग जिंकलेली नव्हती. शेवटी माँपेलिए ८२ पॉइंट, पीएसजी ७९. निकोलँने म्हटल्याप्रमाणे केस क्लबाच्या रंगात रंगवून तुरा काढला, फोटो शोधून बघ, हसशील. जिरूचे लीगमध्ये २१ गोल, पीएसजीच्या नेनेचेही २१, पण नेनेचे पेनल्टी जास्त होते म्हणून टॉप स्कोररचा मान जिरूला मिळाला.

पण मला त्या सीझनमधला त्याचा गोल नाही आठवत, एक पास आठवतो. मे महिना, शेवटून दुसरी मॅच, घरच्या मैदानावर लीलविरुद्ध, ०-०, इंज्युरी टाइम. ड्रॉ झाली असती तर पीएसजी मानेवर आली असती. जिरू उजव्या बाजूला बॉल घेऊन सुटला, ज्याला सगळे स्लो म्हणतात तोच, डिफेंडरला अंगावर घेत, धडपडत बॉक्समध्ये शिरला आणि स्वतः मारायच्या ऐवजी आत आयत-फाना येत होता त्याला दिला, आयत-फानाने रिकाम्या गोलमध्ये ढकलला. १-०. टॉप स्कोररच्या शर्यतीत असलेला माणूस, शेवटून दुसरी मॅच, आणि पास देतोय. आर्सेनलच्या कोचने, वेंगरने, नेमका हाच पास बघून त्याला घेतला असं मी म्हणत नाही, पण पुढची बारा-तेरा वर्षं त्याला ज्या कामासाठी पैसे मिळाले ते काम हेच.

२०१२ च्या उन्हाळ्यात आर्सेनल. आणि ऑगस्टमध्ये आर्सेनलचा स्ट्रायकर व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला, आदल्या सीझनला लीगमध्ये ३० गोल मारलेला माणूस. म्हणजे जिरूला न मागता व्हॅन पर्सीची खुर्ची मिळाली. पहिला लीग गोल यायला ऑक्टोबर उजाडला, वेस्ट हॅमविरुद्ध, तोपर्यंत पब्लिकने ठरवून टाकलं होतं की हा काही जमायचा नाही. आता पुढची यादी बघ. २०१३ च्या उन्हाळ्यात क्लबाने सुआरेझसाठी ती प्रसिद्ध चार कोटी पाउंड अधिक एक पाउंडची बोली लावली. २०१४ ला अलेक्सिस सांचेझ आला. त्याच ऑगस्टला एव्हर्टनविरुद्ध जिरूने शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल मारला आणि त्याच मॅचमध्ये पाय मोडला, दहाएक दिवसांत क्लबाने वेलबेकला आणलं. २०१६ ला व्हार्डीला विचारलं, तो नाही म्हणाला. २०१७ ला लाकाझेत, तेव्हाची क्लबाची सगळ्यात महाग खरेदी. २०१८ ला ऑबामेयांग. मधे २०१५ ला मोनॅकोविरुद्ध त्याने घरच्या मैदानावर इतके चान्स घालवले की बघवत नव्हतं, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी क्लबाचा जुना हिरो थिएरी ऑन्री टीव्हीवर बसून म्हणाला की या स्ट्रायकरवर आर्सेनलला लीग जिंकता येणार नाही.

ऑन्री चुकीचं बोलला असं मला वाटत नाही. लीग नाहीच जिंकली. जिरू हा कधीच जगातला सगळ्यात चांगला स्ट्रायकर नव्हता, लेवांडोव्स्की किंवा सुआरेझच्या रांगेत त्याला बसवणं हा वेडेपणा आहे, त्याच्या नावावर सलग पंधरा लीग मॅचेस गोलशिवाय गेलेला सीझन आहे. पण इतकं सगळं होऊन सुद्धा आर्सेनलसाठी २५३ मॅच, १०५ गोल, तीन एफए कप. तो बेंचवरून यायचा आणि काम करून जायचा. २०१७ ची एफए कप फायनल, चेल्सीने १-१ केलेलं, जिरू मैदानात येतो, काही सेकंदात डावीकडून क्रॉस टाकतो, रॅम्सीचं हेडर, कप. त्याच ऑगस्टला लेस्टरविरुद्ध ४-३, लाकाझेतने पदार्पणात दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला म्हणून पेपरात त्याचे फोटो, मॅच जिंकून देणारं हेडर मात्र बेंचवरून आलेल्या जिरूचं.

आता टेक्निकल भाग, कारण तुला खरा उपयोग याचाच आहे.

जिरूचा सगळ्यात मोठा धंदा फर्स्ट पोस्टवर, म्हणजे क्रॉस येतो त्या बाजूच्या खांबाजवळ. १ सप्टेंबर २०१३, टॉटनहॅमविरुद्धचा १-० चा गोल काढून बघ. वॉलकॉट उजवीकडून खालून क्रॉस टाकतोय. जिरू आधी डिफेंडरच्या पाठीमागे आहे, म्हणजे डिफेंडरला बॉल आणि जिरू एकाच वेळी दिसू शकत नाहीत, एक बघायचा तर दुसरा सुटतो. वॉलकॉटचं डोकं खाली गेलं की डिफेंडर बॉलकडे बघतो आणि त्या क्षणी जिरू दोन-तीन पावलं, फक्त दोन-तीन, त्याच्या पुढून काढतो. डाव्या पायाने बॉलला नुसता स्पर्श, कॅरममध्ये बारीक कट मारतात तसा, आणि बॉल गोलकीपर योरिसच्या बाजूने आत. यात वेग कुठे आहे? शंभर मीटरला तो डिफेंडर त्याला कदाचित हरवेल. पण बॉक्समध्ये शर्यत तीन मीटरची असते आणि ती पायापेक्षा डोक्याने जास्त जिंकली जाते, आधी निघतो तो आधी पोचतो. आमच्याकडे पोरं सगळी पळतात फार पोस्टला, म्हणजे लांबच्या खांबाकडे, कारण तिथे मोकळं वाटतं. मोकळं असतं कारण तिथे क्रॉस पोचतच नाही बहुतेक वेळा.

दुसरी गोष्ट, पाठ गोलकडे करून खेळणं. उंची १९३ सेंटीमीटर, पण नुसत्या उंचीने काही होत नाही, उंच पोरं मी ढीगभर बघितलीत ज्यांना बारका डिफेंडर मागून ढकलून मोकळा होतो. जिरू बॉल यायच्या आधी डिफेंडरला शोधतो, हाताने, पाठीने, कुठे आहे ते अंगाने कळलं पाहिजे, मग गुडघे वाकवून बूड खाली, आणि बॉल आला की थांबवायचा नाही, एका स्पर्शात, जो तोंड करून पळत येतोय त्याला द्यायचा. २०१८ चा वर्ल्ड कप हे याचं पुस्तक आहे. फ्रान्सची पहिली मॅच ऑस्ट्रेलियाशी, कोच देशाँने ग्रीझमन, एम्बापे, डेम्बेले असे तिघं चपळ पुढे लावले, जिरू बेंचवर. काही जमेना, सगळे एकाच जागेत घुसत होते. सत्तराव्या मिनिटाला जिरू आला, ८१ व्या मिनिटाला पोग्बाने त्याला बॉल दिला, त्याने एका स्पर्शात परत दिला, पोग्बाने मारला आणि डिफेंडरला लागून आत गेला. पुढच्या सहाही मॅचेसना जिरू स्टार्टिंगमध्ये. पेरूविरुद्ध त्याचा शॉट डिफेंडरला लागून उडाला, एम्बापेने आत ढकलला. अर्जेंटिनाविरुद्ध एम्बापेचा दुसरा गोल जिरूच्याच पासवर.

आणि सगळ्या स्पर्धेत, ५४६ मिनिटं खेळून, जिरूचा एकही शॉट ऑन टार्गेट नाही. शून्य. जगभर चेष्टा झाली. मेडल त्याच्या गळ्यात. गंमत म्हणजे १९९८ ला फ्रान्स जिंकली तेव्हाही त्यांचा नऊ नंबर गिवार्शने एकही गोल मारला नव्हता, म्हणजे फ्रान्सला वर्ल्ड कप जिंकायचा असेल तर स्ट्रायकरने गोल न मारणं शुभ असावं बहुतेक. पण देशाँसारखा खडूस कोच उगाच कुणाला सहा मॅच खेळवत नाही. दोन सेंटर बॅक जिरूला धरून बसायचे, त्यामुळे एम्बापेसमोर एकच माणूस उरायचा, आणि एम्बापेसमोर एकच माणूस म्हणजे काय होतं ते अर्जेंटिनाला विचार. तुझ्या कोचला गोलांची वही दाखवण्यापेक्षा हे दाखव. स्टॅटशीटवर हे काम येत नाही, म्हणून आपल्या इथल्या ट्रायल्सना पण असली पोरं मागे पडतात, निवडणाऱ्याच्या हातात कागद असतो आणि कागदावर गोल असतात.

परत करिअरकडे. ३१ जानेवारी २०१८, डेडलाइन डे, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा शेवटचा दिवस. हा दिवस ट्रान्सफर मार्केट कसं चालतं ते समजायला एकदम बेस्ट. आर्सेनलला डॉर्टमुंडचा ऑबामेयांग पाहिजे, डॉर्टमुंड म्हणते बदली माणूस मिळाल्याशिवाय सोडत नाही, बदली म्हणून त्यांना चेल्सीचा बाटशुआयी पाहिजे, चेल्सी म्हणते आम्हाला दुसरा फॉरवर्ड मिळाल्याशिवाय तो जाणार नाही. साखळीची शेवटची कडी कोण, तर आर्सेनलचा जिरू. एकाच दिवशी तीन देशांतल्या, चुकलो, दोन देशांतल्या तीन क्लबांत तीन स्ट्रायकर फिरले. यात खेळाडूचं स्वतःचं मत किती असतं असं विचारशील तर थोडंच, पण नाही म्हणायचा हक्क असतो. जिरूने हो म्हटलं कारण समोर वर्ल्ड कप होता आणि लंडन सोडायची गरज नव्हती. ३१ व्या वर्षी, शहर तेच, शाळा तीच, फक्त ट्रेनिंग ग्राउंड बदललं. ही बाजू लोक बघत नाहीत, पण बायको-पोरं असलेल्या खेळाडूचं अर्धं ट्रान्सफर घरात ठरतं.

चेल्सीत परत तीच कथा. साउथहॅम्प्टनला ०-२ मागे असताना मैदानात आला आणि आठ मिनिटांत तीन गोल झाले त्यातले दोन याचे. महिन्याभराने एफए कप. २०१८-१९ च्या युरोपा लीगमध्ये ११ गोल, टॉप स्कोरर, आणि बाकूच्या फायनलला समोर कोण, आर्सेनल. एमर्सनचा क्रॉस, जिरू खाली वाकून हेडर मारतो, पहिला गोल, मग त्यालाच पाडलं म्हणून पेनल्टी, ४-१. मग लॅम्पार्ड कोच म्हणून आला, टॅमी अब्राहम पुढे, जिरू महिनोन् महिने बाहेर. जानेवारी २०२० ला तो निघायच्या तयारीत होता, जमलं नाही. रुसला नाही, अब्राहमला दुखापत झाल्यावर फेब्रुवारीत टॉटनहॅमविरुद्ध उतरला आणि गोल मारला. पुढच्या उन्हाळ्यात व्हर्नर आला म्हणून परत मागे. डिसेंबर २०२०, सेव्हियामध्ये जाऊन चॅम्पियन्स लीगच्या एका मॅचमध्ये चार गोल: एक डाव्या पायाने, एक उजव्या पायाने बारीक चिप, एक हेडर, एक पेनल्टी. वय ३४. त्या चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीचा टॉप स्कोरर तोच, सहा गोल, आणि फायनलमध्ये एक मिनिटही खेळला नाही. मेडल मिळालं, बेंचवरून.

यातून शिक्षण काय ते ज्याचं त्याने काढावं, मला स्वतःला वाटतं की फायनलला न खेळवणं जरा अन्यायच होता, पण तेव्हाचा कोच टुखेल याला मँचेस्टर सिटीविरुद्ध मागच्या मोकळ्या जागेत पळणारा माणूस पाहिजे होता आणि तो जिरू नव्हता, हेही खरंच. काही मॅच तुझ्या नसतात.

एक गोष्ट मात्र नीट बघ, तो थांबला किती आणि निघाला कधी. बेंचवर बसून तक्रार न करणं वेगळं आणि बेंचवरच म्हातारं होणं वेगळं. प्रत्येक वेळी तो अशा क्लबाकडे गेला जिथे त्याच्यासारख्याची टंचाई होती. २०२१ चं मिलान बघ. झ्लाटान चाळिशीला टेकलेला आणि सारखा जायबंदी, बाकी पोरं तरणी, लेआओसारखा डावीकडून सुसाट सुटणारा विंगर, पण आत बॉल घ्यायला कुणी नाही. किंमत अगदी किरकोळ, ट्रान्सफरच्या भाषेत जवळजवळ फुकट. आणि जिरूने नंबर घेतला नऊ, जो इंझागी गेल्यापासून शापित मानला जायचा, पाटो, टोरेस, इग्वाइन, पिआंटेक, मांझुकिच, कुणाचंच त्या नंबरवर भलं झालं नव्हतं.

५ फेब्रुवारी २०२२, मिलान-इंटर डर्बी, एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच. इंटर १-० पुढे आणि खेळतही चांगली होती. जिंकली असती तर टेबलवर सुटलीच होती. ७५ व्या मिनिटाला जिरू स्वतः मैदानाच्या मध्यावर सांचेझला धक्का देऊन बॉल सोडवतो, इंटरवाले फाउल फाउल ओरडत राहतात, तो थेट बॉक्समध्ये पोचतो, ब्राहिम दियाझचा फसलेला शॉट त्याच्यासमोरून जातो, हा पाय घालतो. तीनच मिनिटांनी कालाब्रियाचा पास, पाठ गोलकडे, दे व्राय मागे चिकटलेला. आता हे स्लो करून बघ. पहिला स्पर्श डाव्या पायाने, बॉल थांबवत नाही, बॉल घेऊनच वळतो, दे व्राय ज्या बाजूला भार टाकून उभा होता त्याच्या उलट बाजूने. आणि लगेच डाव्यानेच शॉट, गोलकीपर हांदानोविच आडवा. २-१. इटालियन कॉमेंटेटरने तेव्हा 'जिरू वळला' असं जे ओरडून सांगितलं त्याचं मिलानच्या पब्लिकने गाणंच करून टाकलं. मे महिन्यात शेवटच्या दिवशी सासुओलोला ३-०, दोन गोल जिरूचे, तिन्ही पास लेआओचे, मिलान ८६, इंटर ८४, ११ वर्षांनी स्कुडेट्टो, म्हणजे इटालियन लीगचं विजेतेपद. नऊ नंबरचा शाप वगैरे विषय संपला.

त्यातला तो वळण्याचा स्पर्श तिसाव्या वर्षानंतर सुधारलाय, कमी नाही झालेला. वेगावर जगणारा स्ट्रायकर तिशीत अर्धा मीटर गमावतो आणि त्याच्याबरोबर सगळंच जातं, कारण त्याने दुसरं काही शिकलेलंच नसतं, गरजच पडलेली नसते. जिरूला विशीतच गरज पडली होती.

२०२२ च्या कतार वर्ल्ड कपला बेन्झेमा ऐनवेळी दुखापतीने बाहेर गेला. हा तोच बेन्झेमा ज्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःला फॉर्म्युला वन आणि जिरूला गो-कार्ट म्हटलं होतं. जिरूने चार गोल मारले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन मारून ऑन्रीच्या ५१ ची बरोबरी, पोलंडविरुद्ध ५२ वा, फ्रान्सचा तोवरचा सगळ्यात मोठा गोल स्कोरर. हो, तोच ऑन्री. फायनलला मात्र देशाँने ४१ व्या मिनिटालाच बाहेर काढलं, कारण फ्रान्सला बॉलच मिळत नव्हता आणि बॉल मिळत नसेल तर जिरूचा उपयोग निम्मा. २०२४ च्या युरोनंतर फ्रान्ससाठी थांबला तेव्हा १३७ मॅच, ५७ गोल.

त्याच्या पुढचं पटकन. मिलानमध्ये असताना जेनोआविरुद्ध गोलकीपर मेन्यांला रेड कार्ड, सब संपलेले, जिरू ग्लव्ह्ज घालून गोलमध्ये उभा राहिला आणि धावत बाहेर येऊन बॉल अडवला, मिलानने त्याच्या नावाचे गोलकीपर जर्सी विकायला काढले. मग लॉस एंजेलिस, तिथे एक कप मिळाला पण लीगमध्ये गोल फार झाले नाहीत, अमेरिकेत प्रवास प्रचंड आणि क्रॉस टाकणारी टीम नव्हती, माझ्या मते ती निवड चुकलीच. २०२५ ला ३८ व्या वर्षी लील, म्हणजे ज्या टीमविरुद्ध त्याने तो आयत-फानाचा पास दिला होता तीच.

आता तुझं. स्कॉर्पियन किक वगैरे सोडून दे. तो २०१७ चा क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा गोल, वर्षातल्या सगळ्यात सुंदर गोलचं पुश्काश अवॉर्ड मिळालेला, जिरूने स्वतः कबूल केलंय की त्यात नशीबही होतं. तू दोन गोष्टी रोज कर. एक, मित्राला मागे चिकटायला सांग, खरोखर ढकलू दे, आणि समोरून येणारा बॉल एका स्पर्शात परत दे, डावा उजवा दोन्ही, थांबवायचा नाही. दोन, फर्स्ट पोस्ट. विंगवरून एकजण खालून क्रॉस टाकेल, तू डिफेंडरच्या पाठीमागून सुरुवात कर, आधी एक पाऊल फार पोस्टकडे दाखव, आणि क्रॉसवाल्याचं डोकं खाली गेलं की निघ, आधी नाही, नंतर नाही. सुरुवातीला दहातले आठ हुकतील. टायमिंग अंगात यायला अख्खा सीझन जातो, कधी दोन.

आणि बघायचं असेल तर हायलाइट्स बघू नकोस, त्यात जिरू दिसतच नाही. फ्रान्स-ऑस्ट्रेलिया २०१८, सत्तराव्या मिनिटापासून पूर्ण बघ, बॉलकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघ.

राहिला सेंटर बॅकचा प्रश्न. कोचशी भांडू नकोस. प्रॅक्टिसला खेळ की सेंटर बॅक, तिथे उभं राहिलास की कुठला फॉरवर्ड तुला त्रास देतो आणि कुठल्याचं काही वाटत नाही हे दोन महिन्यांत कळेल, आणि पाठीमागून निघणारा किती नकोसा असतो तेही कळेल. फक्त मॅचला शेवटची वीस मिनिटं पुढे खेळवा एवढं कोचकडून कबूल करून घे. तेवढं पण मिळत नसेल तर खालच्या डिव्हिजनची टीम बघ जिथे पूर्ण मॅच पुढे खेळायला मिळेल, नाव कितीही छोटं असू दे.